जुन्या अमेरिकन मोटारीसाठी बदली एंजिनाची निवड

कल्याणहून कर्जतकडे जाणाऱ्या लोहमार्गालगत उल्हासनगर, अंबरनाथ व बदलापूर ही तीन नगरे एकमेकांना जवळजवळ लागून वसलेली आहेत. या पट्ट्यात मोटारदुरुस्तीचा व यंत्रकामाचा धंदा करणारे लहान कारखाने पुष्कळ आहेत. अमेरिकेत साठसत्तर वर्षांपूर्वी बनलेल्या एखाद्या दांडग्या मोटारीचा मालक निकामी एंजिनाचा प्रश्न घेऊन अशा ठिकाणी येतो, तेव्हा त्याचा पहिला सवाल बहुधा असा असतो, की हिच्यात कोणते एंजिन बसेल? या सवालाला तसा अर्थ थोडा. गॅसकटर आणि वेल्डिंगची सोय हाताशी असली म्हणजे कोणत्याही गाडीत कोणतेही एंजिन बसविता येते. आणि गेल्या पाउणशे वर्षांत तसे पुष्कळदा बसविलेही गेले आहे. बसविलेले एंजिन त्या गाडीच्या गिअरपेटीशी, मागच्या आसाशी, रेडिएटरशी व ब्रेकांशी जुळते काय, आणि ते बसविल्यावर ती गाडी कायद्याच्या दृष्टीने तीच गाडी राहते काय, हे प्रश्न त्याच्या आधीचे होत. त्यांचा उलगडा झाला, की कोणते एंजिन बसेल याचे उत्तर पुष्कळसे आपोआप मिळते.

ही निवड आपल्याकडे करावी का लागली, यामागे थोडा इतिहास आहे. जनरल मोटर्सने १९२८ साली मुंबईत शिवडी येथे गाड्या जुळविण्याचा कारखाना काढला. फोर्ड कंपनीही मुंबईत तेच काम करीत असे. वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने १९४७ पासून कुर्ल्यास डॉज, प्लिमथ व डी सोटो या अमेरिकन गाड्या बाहेर काढल्या. पुढे १९५३ मध्ये टॅरिफ कमिशनच्या शिफारशींनंतर, ज्यांच्यापाशी प्रत्यक्ष उत्पादनाची योजना होती अशाच कंपन्यांना येथे वाव राहिला, आणि १९५४ पर्यंत जनरल मोटर्स व फोर्ड या दोन्ही कंपन्यांनी आपले येथील जुळणीचे काम आवरले. त्यानंतर आलेल्या मोठ्या अमेरिकन गाड्या मोजक्याच; वकिलातींनी वापरलेल्या गाड्या स्टेट ट्रेडिंग कॉर्पोरेशनमार्फत विकल्या जात, त्यांतूनही काही खासगी मालकांकडे आल्या. गाड्या राहिल्या, पण त्यांचे सुटे भाग येण्याची वाट अरुंद झाली. अशा स्थितीत १९७३ चे तेलसंकट आले. पेट्रोलचे भाव कडाडल्यावर चार-पाच लिटर घनफळाचे पेट्रोल एंजिन पोसणे सामान्य मालकास अशक्य झाले, आणि अनेक गाड्यांतील मूळ एंजिने उतरून त्यांच्या जागी पर्किन्स वा मर्सिडीज जातीची डिझेल एंजिने चढली. काहींत तर अँबॅसडरचे १,४८९ घनसेंटिमीटरचे एंजिन बसले. उतरलेली एंजिने बहुधा भंगारात गेली. आज त्याच गाड्या हौसेने जतन करू पाहणाऱ्यांना ती भंगाराची पावती फार महाग पडत आहे.

तेव्हा विचाराची सुरुवात जुन्या एंजिनापासूनच केली पाहिजे. ते खरोखर गेले आहे काय, आणि गेले असल्यास कशाने गेले? या विभागात त्याची तीन कारणे विशेष संभवतात.

पहिले कारण पाणी. २६ जुलै २००५ च्या महापुरात उल्हास नदीकाठचा सखल भाग बुडाला होता. २७ जुलै २०१९ रोजी बदलापूर व वांगणीच्या दरम्यान महालक्ष्मी एक्स्प्रेस पुराच्या पाण्यात अडकली होती, हेही पुष्कळांच्या स्मरणात असेल. बुडालेल्या मोटारीचे एंजिन पाण्याने सहसा बिघडत नाही. ते बिघडते पाणी आत असताना कळ फिरविल्याने. शेव्हरोलेचे २८३ घनइंचांचे व्ही-८ एंजिन घ्या. त्याचे एकूण घनफळ ४.६४ लिटर, म्हणजे दर सिलिंडरमागे ५८० घनसेंटिमीटर. संपीडनाचे प्रमाण ८.५ असेल, तर दट्ट्या वरच्या टोकास पोहोचल्यावर त्याच्या माथ्यावर उरणारी पोकळी ५८० भागिले ७.५, म्हणजे अवघी ७७ घनसेंटिमीटर. एका कटिंग चहाएवढे पाणी सिलिंडरमध्ये उतरले, की दट्ट्याला वर जाण्यास जागा राहत नाही. पाणी दबत नाही, म्हणून संयोगदांडा वाकतो. सर्व प्लग काढून, क्रँक हाताने फिरवून पाणी बाहेर टाकले आणि तेल बदलले, तर तेच एंजिन पुष्कळदा वाचते. पुरात सापडलेले एंजिन न उघडताच बाद ठरविणे हा घाईचा निर्णय होय.

दुसरे कारण पेट्रोलमधील शिसे नाहीसे होणे. फेब्रुवारी २००० पासून देशभर शिसेविरहित पेट्रोलच विकले जाऊ लागले. लोकांच्या, विशेषतः मुलांच्या, आरोग्याच्या दृष्टीने तो निर्णय अत्यंत योग्य होता. परंतु जुन्या अमेरिकन एंजिनांच्या ओतीव लोखंडी माथ्यात धुराड्याकडील झडपांची बैठक त्याच लोखंडात कोरलेली असे, आणि शिशाचा पातळ थर तिचे रक्षण करीत असे. तो थर गेल्यावर, गाडी लांब पल्ल्याला जोराने चालविल्यास, बैठक झिजून झडप आत रुतते व सिलिंडरचा दाब कमी होतो. अशा एंजिनाला मालक "दम नाही" म्हणतो. वस्तुतः माथा उतरवून त्यात कठीण पोलादाच्या बैठका ठोकून बसविणे, एवढाच यावरचा उपाय आहे. आणि अंबरनाथच्या औद्योगिक वसाहतीतील चांगल्या यंत्रकारागिराला ते काम नवे नाही.

तिसरे कारण अलीकडचे. २०२५ पर्यंत पंपावरील पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल मिसळण्याचे उद्दिष्ट गाठले गेले. इथेनॉलच्या एका लिटरातील उष्णता पेट्रोलच्या सुमारे दोनतृतीयांशच असते, आणि त्यास जळण्यासाठी हवाही कमी लागते. जुन्या कार्ब्युरेटरची छिद्रे निव्वळ पेट्रोलच्या हिशेबाने पाडलेली. त्यांतून हे मिश्रण पूर्वीच्याच मापाने आले, तर ते सुमारे सातआठ टक्के विरळ पडते. विरळ मिश्रणाने एंजिन तापते व मागेपुढे धक्के देते. शिवाय जुन्या रबरी नळ्या व पडदे इथेनॉलने फुगतात, आणि कोकणपट्टीच्या दमट हवेत महिनोन् महिने उभ्या असलेल्या गाडीच्या टाकीत ते हवेतील पाणी शोषून घेते. जेट मोठा करणे, नळ्या बदलणे आणि टाकी स्वच्छ करणे हा त्यावरचा इलाज. त्यासाठी एंजिन बदलण्याचा विचार करणे म्हणजे चष्म्याचा नंबर चुकला म्हणून डोळाच काढण्यासारखे आहे.

एवढे होऊनही एंजिनाचा गाळा तडकलेला असेल, क्रँक दुरुस्तीपलीकडे गेला असेल, किंवा गाडी विकत घेतानाच आत परके एंजिन असेल, तर निवडीचा प्रश्न खरोखर उभा राहतो. येथे पहिला घोटाळा अश्वशक्तीच्या आकड्यांनी होतो. अमेरिकन कंपन्या साधारण १९७१ पर्यंत जे आकडे छापीत, ते पंखा, धूळगाळणी, धुराडे व जनित्र काढून टाकून, चाचणीच्या बैठकीवर मोजलेल्या एंजिनाचे असत. १९७२ पासून ही सर्व ओझी लावून मोजलेला आकडा देण्याची प्रथा पडली. एकाच एंजिनाचे हे दोन आकडे एकमेकांपासून पुष्कळ दूर असतात. तेव्हा १९६२ सालच्या पुस्तिकेतील आकडा आणि आजच्या एखाद्या एंजिनाचा आकडा शेजारीशेजारी मांडून केलेली तुलना फसवी ठरते.

दुसरी गोष्ट अशी, की गाडी ओढण्यास चाकावर जोर लागतो, आणि तो जोर एंजिनाच्या टॉर्कवर, म्हणजे क्रँकला मिळणाऱ्या पिळावर, तसेच मागच्या आसाच्या दंतप्रमाणावर अवलंबून असतो. याचे एक उदाहरण सविस्तर पाहणे उपयुक्त ठरेल. शेव्हरोले इंपाला, १९६० ते १९६२ मधील, साध्या कार्ब्युरेटरचे २८३ घनइंची व्ही-८ एंजिन असलेली गाडी घेऊ. कंपनीच्या आकड्यांप्रमाणे त्याची शक्ती दर मिनिटास ४,२०० फेऱ्यांवर १७० अश्वशक्ती, आणि पीळ २,२०० फेऱ्यांवर २७५ फूट-पौंड, म्हणजे सुमारे ३७३ न्यूटन-मीटर. मागच्या आसाचे प्रमाण ३.३६ आणि चाकाचा परीघ २.१५ मीटर धरला, तर वरच्या, म्हणजे थेट गिअरात, ताशी ८० किलोमीटर वेगाला एंजिनाचे फेरे सुमारे २,०८० होतात. एंजिनाचा पीळ याच सुमारास सर्वाधिक असतो. हा योगायोग नसून कारखान्यातील अभियंत्यांनी जुळविलेले गणित आहे.

माणसांसह गाडीचे वजन २,००० किलोग्रॅम मानू. ताशी ८० किलोमीटरला चाकांच्या घर्षणाचा विरोध अदमासे २९० न्यूटन, हवेचा सुमारे ३६० न्यूटन, मिळून ६५० न्यूटन. या वेगाने सपाट रस्त्यावर जाण्यास लागणारी शक्ती त्यावरून काढली, तर ती जेमतेम वीस अश्वशक्ती येते. डिझेल बसविणाऱ्याचा सारा युक्तिवाद या एका आकड्यावर उभा असतो, आणि तो सपाटीपुरता खराही आहे. वीस अश्वशक्ती लागते, तेथे १७० अश्वशक्तीचे एंजिन कशाला पोसावे?

याचे उत्तर चढावर मिळते. इंपालाच्या मूळ एंजिनाचा पीळ ३.३६ ने गुणून चाकाच्या त्रिज्येने भागला, म्हणजे चाकाच्या कडेवर सुमारे ३,६५० न्यूटन जोर येतो. पुस्तिकेतील आकडा फुगविलेला असल्याने त्यातून पाचवा हिस्सा वजा केला तरी २,९०० च्या वर उरतो. विरोध वजा जाता, ही गाडी वरच्या गिअरातच, वेग न सोडता, नवास एक अशा प्रमाणाचा चढ चढून जाईल. आता त्याच गाडीत मर्सिडीजचे ओएम ६१६ हे २.४ लिटरचे चार सिलिंडरी डिझेल एंजिन घातले असे समजू. हे एंजिन पुण्याजवळ आकुर्डीला बजाज टेम्पो कंपनीने परवान्याने बनविले असल्याने आपल्याकडे त्याची ओळख व भाग दोन्ही मुबलक आहेत. १९७३ च्या मर्सिडीज २४० डी गाडीत त्याची शक्ती ६५ अश्वशक्ती आणि पीळ २,४०० फेऱ्यांवर १३७ न्यूटन-मीटर होता. त्याच आसावर चाकाच्या कडेला येणारा जोर अवघा १,३४० न्यूटन. विरोध वजा जाता उरलेल्या जोरावर ही गाडी त्याच वेगाने चढू शकेल तो चढ अठ्ठाविसास एक. उल्हासनगर ते बदलापूर या सपाटीवर हा फरक जाणवणार नाही. मुरबाडमार्गे माळशेजच्या घाटाला गाडी लागली, की पहिल्याच वळणावर तो जाणवेल. तेथे खालच्या गिअरात उतरावेच लागते. जुन्या अमेरिकन गिअरपेटीत पायऱ्या फक्त तीन, आणि स्वयंचलित पॉवरग्लाइडमध्ये तर दोनच. मोठ्या पिळाचे एंजिन गृहीत धरून केलेली ही पेटी दुबळ्या एंजिनाला मुळीच साथ देत नाही.

मग मोठे डिझेल का घालू नये? पर्किन्स पी-६ हे सहा सिलिंडरांचे ४.७३ लिटरचे एंजिन मद्रासच्या सिम्पसन कंपनीने भारतात बनविले आणि ते येथील मालमोटारींत सर्वपरिचित होते. त्याची शक्ती २,४०० फेऱ्यांवर ८३ अश्वशक्ती. त्यावरून त्या फेऱ्यांवरचा पीळ सुमारे २४६ न्यूटन-मीटर निघतो. म्हणजे पिळाची उणीव बरीच भरून निघते. परंतु हे एंजिन २,४०० फेऱ्यांपलीकडे नेण्याचे नाही. ३.३६ प्रमाणाच्या आसावर तेवढ्या फेऱ्यांना गाडीचा वेग ताशी ९२ किलोमीटर होतो आणि तेथेच तिची धाव संपते. मूळ एंजिन ४,२०० फेऱ्यांवर तिला ताशी १६० पर्यंत नेत असे.

फेऱ्यांच्या या मर्यादेचे कारण अभ्यासकाने समजून घेण्यासारखे आहे. पी-६ च्या दट्ट्याची चाल पाच इंच, म्हणजे १२७ मिलिमीटर. शेव्हरोले २८३ ची तीन इंच, म्हणजे ७६.२ मिलिमीटर. पहिल्याचे २,४०० आणि दुसऱ्याचे ४,२०० फेरे धरून दट्ट्याचा सरासरी वेग काढला, तर तो अनुक्रमे सेकंदाला १०.२ व १०.७ मीटर येतो. म्हणजे दट्ट्यांच्या दृष्टीने दोन्ही एंजिने सारखीच पळत असतात. एकाची पावले लांब, दुसऱ्याची आखूड, एवढाच भेद. आखूड चालीचे व रुंद सिलिंडरचे एंजिन करणे, हे १९५० नंतरच्या अमेरिकन अभियांत्रिकीचे मोठे पाऊल होते, आणि वेगवान गाडीचा वेगवानपणा त्यातच होता. लांब चालीचे एंजिन घालून ती गाडी ओढता येईल. पण तिचा स्वभाव पालटतो. मालकाला तो पालटायचाच असेल, तर आक्षेप घेण्याचे कारण नाही. मात्र तसे ठरवून करावे.

डिझेल घालताना आणखी दोन बाबी हटकून विसरल्या जातात. पेट्रोल एंजिनाच्या शोषनलिकेत जी निर्वात ओढ असते, तिच्यावर या गाड्यांचे साहाय्यक ब्रेक चालतात. काही जुन्या गाड्यांत काचेवरचे पुसणेही तिच्यावरच चाले. डिझेलमध्ये ही ओढ पुरेशी नसते. त्यासाठी वेगळा निर्वातपंप न लावल्यास दोन टनांची गाडी घाटाच्या उतारावर केवळ पायाच्या जोरावर थांबवावी लागते, आणि त्या गाडीचे ब्रेक ड्रमचे, तापले की ढिले पडणारे. दुसरी बाब विजेची. शेव्हरोलेने १९५५ मध्ये आणि फोर्डने १९५६ मध्ये सहा व्होल्टची पद्धत सोडून बारा व्होल्टची स्वीकारली. त्यापूर्वीच्या गाडीत डिझेल घालणे म्हणजे तिची सारी वीजयोजना उसवणे. एवढा खर्च धरल्यावर डिझेलने वाचणारे पैसे किती वर्षांत वसूल होतात, हा हिशेब प्रत्येकाने स्वतःच्या वापरावरून करावा. वर्षाला पाचशे किलोमीटर फिरणाऱ्या हौशी गाडीच्या बाबतीत तो कधीच जुळणार नाही.

राहिला तिसरा पर्याय, म्हणजे त्याच कुळातील दुसरे एंजिन. शेव्हरोलेचे लहान व्ही-८ कुळ १९५५ मध्ये २६५ घनइंचांपासून सुरू झाले. एड कोल यांच्या देखरेखीखाली ते घडले, आणि त्याच कंपनीच्या सहा सिलिंडरी एंजिनापेक्षाही ते हलके होते. पुढे हे कुळ ४०० घनइंचांपर्यंत वाढले. पण दोन सिलिंडरांमधले ४.४ इंचांचे अंतर अखेरपर्यंत तेच राहिले. यामुळे बाह्य माप, गिअरपेटीकडची तबकडी व तिची भोके एकमेकांशी जुळतात. अमेरिकेतील हौशी कारागीर फोर्डच्या गाडीतसुद्धा हेच एंजिन का घालू लागले, ते यावरून कळेल. इंपालाला २८३ न मिळाल्यास ३२७ किंवा ३५० घनइंची एंजिन मिळविणे हाच सर्वांत कमी तोडफोडीचा मार्ग आहे.

तथापि भावंडे सारखी दिसली तरी एक नसतात. १९५५ ते १९५७ च्या गाड्यांत या एंजिनाचे टेकू पुढच्या तोंडाशी होते, १९५८ पासून ते दोन्ही कुशींना आले; जुन्या चौकटीत नवे एंजिन घालणाऱ्याने हे पाहिलेच पाहिजे. १९५५ च्या पहिल्या २६५ मध्ये तेलगाळणीची जागाच नव्हती. ४०० घनइंची एंजिनाचा तोल बाहेरून साधलेला असल्याने त्यास इतरांचे फ्लायव्हील चालत नाही. १९८६ पासून क्रँकच्या मागच्या टोकाचे तेलबंद एकसंध झाले आणि फ्लायव्हीलच्या बोल्टांचे वर्तुळ बदलले. भंगारबाजारात "शेव्हरोले आठ सिलिंडर" एवढ्याच वर्णनाने मिळालेल्या एंजिनात यांपैकी काय आहे, हे गाळ्यावर ओतलेल्या अंकांवरून ठरवावे. विकणाऱ्याच्या सांगण्यावरून ठरवू नये.

भारतीय मालकाला यात एक अडचण अशी येते, की जिचा उल्लेख अमेरिकन पुस्तकांत सहसा सापडत नाही. तेथील सर्व सूचना डाव्या बाजूच्या सुकाणूच्या गाडीसाठी लिहिलेल्या असतात. शेव्हरोलेच्या या व्ही-८ चा स्टार्टर उजव्या कुशीला असतो. उजव्या सुकाणूच्या गाडीत सुकाणूची पेटी, तिचा दांडा, स्टार्टर आणि उजव्या बाजूचे तापलेले धुराडे ही सगळी एकाच कोपऱ्यात गर्दी करतात. कारखान्याने उजव्या सुकाणूसह बाहेर पाठविलेल्या व्ही-८ गाडीत ही गर्दी कारखान्यानेच सोडविलेली असते, म्हणून तेथे त्याच कुळातील एंजिन सरळ उतरते. मूळ सहा सिलिंडरी असलेल्या उजव्या सुकाणूच्या गाडीत व्ही-८ घालू पाहणाऱ्याला मात्र धुराड्याचा फाटा नव्याने घडवावा लागतो. सुकाणूचा दांडा कापून त्यात सांधा घालणे हा सोपा दिसणारा उपाय आहे. तो वेल्डिंगने करणाऱ्या गॅरेजात गाडी क्षणभरही ठेवू नये.

परके एंजिन जुन्या गिअरपेटीला जोडायचे असेल, तर मध्ये पोलादी तबकडी लागते. हे काम या पट्ट्यात चांगले होऊ शकते. अंबरनाथला ऑर्डनन्स फॅक्टरी व मशीन टूल प्रोटोटाइप फॅक्टरी यांचे अस्तित्व दीर्घकाळाचे, आणि आसपासच्या औद्योगिक वसाहतींत सूक्ष्म मापाचे काम करणारी यंत्रे आहेत. उल्हासनगरच्या मालावरील "यू. एस. ए." या अक्षरांचा अर्थ उल्हासनगर सिंधी असोसिएशन असा लावण्याचा विनोद जुना आहे, पण निर्वासितांच्या छावणीतून उभ्या राहिलेल्या त्या नगराने पाहून वस्तू घडविण्याचे जे कसब कमावले, ते मूळ भाग मिळेनासा झालेल्या मोटारीच्या मालकाला उपकारकच वाटेल. तबकडीच्या बाबतीत मात्र पाहून करण्याने भागत नाही. क्रँकचा मध्य आणि गिअरपेटीच्या दंडाचा मध्य यांत हजारांश इंचाच्या पाचाहून अधिक फरक चालत नाही. तो डायल गेज लावून, क्रँक फिरवून मोजावा लागतो. फरक राहिला, तर पहिले हजार किलोमीटर काहीच कळत नाही. पुढे क्लचची तबकडी व पेटीचे पुढचे बेअरिंग खाल्ले जाते, आणि दोष एंजिनावर येतो.

तापण्याचा प्रश्न सर्व पर्यायांना समान आहे. पेट्रोल एंजिनात जळणाऱ्या इंधनाच्या उष्णतेपैकी स्थूलमानाने तिसरा हिस्सा पाण्यावाटे रेडिएटरकडे जातो. मोठे एंजिन मोकळ्या रस्त्यावर धावते तेव्हा वारा ती उष्णता नेतो. बदलापूरला एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळीस अंशांपुढे जातो, आणि कल्याण-शीळ रस्त्यावर किंवा उल्हासनगरच्या बाजारात गाडी तासभर पावलापावलाने सरकते. तेथे वारा नसतो. अमेरिकेतील ज्या रस्त्यांसाठी हा रेडिएटर मापला गेला, त्यांत अशा खोळंब्याची गणना नव्हती. एंजिन वाढविण्यापूर्वी पंख्याभोवतीचे पत्र्याचे कडे शाबूत आहे काय, रेडिएटरच्या नळ्या क्षाराने बुजल्या आहेत काय, हे पाहावे. पुष्कळ गाड्यांतील ते कडे पूर्वीच्या एखाद्या बदलाबदलीत फेकले गेलेले आढळते.

शेवटची बाब कायद्याची, आणि ती सर्वांआधी तपासावी. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे नोंदणीपत्रातील तपशील मूळ निर्मात्याच्या वर्णनापासून वेगळे पडतील असा बदल मालकाला करता येत नाही; सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मधील निकालात या कलमाचा अर्थ कडकपणेच लावला आहे. नोंदणीपत्रावर एंजिनाचा क्रमांक व इंधनाचा प्रकार लिहिलेला असतो. म्हणून या तीन नगरांतील मालकाने कल्याणच्या, म्हणजे एमएच ०५ क्रमांकाच्या, प्रादेशिक परिवहन कार्यालयात आधी विचारणा करावी. विकत घेतलेल्या एंजिनाची कागदपत्रे नसतील, तर ते कितीही चांगले असले तरी घेऊ नये.

याहून महत्त्वाचा नियम जुलै २०२१ मधील आहे. त्यानुसार पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षे पूर्ण झालेल्या मोटारीला विंटेज म्हणून वेगळी नोंदणी व "व्हीए" अक्षरांची पाटी मिळते. नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये ठरविण्यात आले आणि तिची मुदत दहा वर्षांची. प्रदर्शन, मिरवणूक, तांत्रिक संशोधन, देखभाल अशा कामांपुरतीच ती गाडी रस्त्यावर आणता येते. परंतु अट अशी, की गाडी मूळ रूपात असली पाहिजे. चौकट, सांगाडा वा एंजिन यांत बदल झालेला नसावा. ज्या गाडीतील व्ही-८ काढून १९७५ च्या सुमारास डिझेल घातले गेले, ती या दाराबाहेरच उभी राहते. उलट तिच्यात पुन्हा त्याच मालिकेचे, त्याच मापाचे एंजिन कागदपत्रांसह आणणाऱ्याला निदान अर्ज करण्यास आधार मिळतो. बदली एंजिन ही केवळ यांत्रिक निवड राहिलेली नाही, ती अशी.

यावरून जो क्रम निघतो, तो जुन्या फिटरांना ठाऊक असलेलाच आहे. आधी मूळ एंजिन वाचवावे. ते अशक्य झाल्यास त्याच कुळातील, शक्यतो त्याच घनफळाचे घ्यावे. गाडी रोजच्या वापरातील असेल व विंटेज नोंदणीची आशा पूर्वीच संपली असेल, तरच परक्या एंजिनाकडे वळावे; आणि तेव्हा अश्वशक्ती न पाहता वरच्या गिअरातील फेरे व पीळ यांचा वर दाखविलेला हिशेब आपल्या गाडीच्या आसाचे दात मोजून करावा. मोठ्या घनफळाचा मोह येथे आवरावा हे बरे. ड्रमच्या ब्रेकांवर ३५० घनइंची एंजिन सांभाळणे २८३ सांभाळण्याइतके सोपे नाही.

कोणताही पर्याय पत्करला, तरी उतरलेले मूळ एंजिन विकू नये. त्यातील पाणी पूर्ण काढावे, प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडे तेल सोडून प्लग परत लावावेत, शोषनलिका व धुराड्याची तोंडे लाकडी बुचांनी बंद करावीत, आणि गाळ्यावरचा क्रमांक वाचता येईल अशा रीतीने ते जमिनीपासून उंच, पुराच्या रेषेच्या वर ठेवावे. महिन्यातून एकदा क्रँकचे दोन फेरे हाताने द्यावेत.